सोनी: टीव्ही वेगळा, फोन वेगळा

सोनीची कुठलीही वस्तू डोळे मिटून विकत घ्यावी, असं कुणीकुणी म्हणतं. भाऊ, टीव्हीपुरतं मान्य. आमच्या नागपुरातल्या धरमपेठेतल्या घरी सोनीचा ट्रिनिट्रॉन, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही होता. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, खोलीत कूलरची घरघर, व्होल्टेज खालीवर, तरी चित्र कधी हललं नाही. स्टॅबिलायझर मात्र दोन जळले, तो भाग वेगळा! हेडफोनही झकास. पण बाकीचं? सोनीने आपल्या वायो लॅपटॉपचा धंदा २०१४ मध्ये विकून टाकला, २०१९ मध्ये भारतातल्या फोनमधूनही अंग काढून घेतलं. गंमत म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या कितीतरी फोनांत कॅमेऱ्याचा सेन्सर सोनीचाच असतो. सीताबर्डीच्या बाजारात टीव्ही बघायला गेलात की नुसतं नाव पाहू नका, मॉडेल विचारा. आणि वॉरंटीनंतर पॅनेल, म्हणजे पडदा, बदलायला किती पैसे लागतील, हेही.