भूतकाळात जाण्यासाठी नेमका शब्द कोणता?

भाषांतरवाला: टाईम ट्रॅव्हलला सगळीकडे 'कालप्रवास' वाचतोय, पण तो पुढचाही होतो आणि मागचाही. मला फक्त मागच्यासाठी शब्द हवाय, लेखाचा विषयच तो आहे की भूतकाळात जाणं फिजिक्सच्या नियमांत बसतं का. 'भूतप्रवास' लिहिलं तर लोक भलतंच समजतील.

टंकनिका: 😂 'कालप्रवास'सुद्धा चुकून तोडून टाईप झालं की 'काल प्रवास' होतं. 'प्रतिकालप्रवास' कसं वाटतं?

उलटसुलट: जड आहे. सरळ 'काळात मागे जाणे' लिहा की.

अवकाशवेडी: 'मागे'नेच तर सगळा घोळ होतो. १९७१ साली हाफेले आणि कीटिंगनी सीझियमची आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळाच्या काही नॅनोसेकंद मागे पडली. आता घड्याळ मागे पडलं म्हणजे ते भूतकाळात गेलं का, तर नाही, उलट स्वतःचा कमी वेळ खर्चून ते आपल्या भविष्यात पोचलं! म्हणजे 'मागे पडणं' हा खरं तर पुढचा प्रवास, आणि तो प्रयोगाने सिद्ध झालेला.

भूतकाळाचं प्रकरण वेगळंय. १९४९ मध्ये गॉडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं एक उत्तर काढलं, त्यातलं विश्व स्वतःभोवती फिरतं आणि त्यात असे मार्ग निघतात की प्रवासी पुढे पुढे जातच स्वतःच्या भूतकाळात येतो. त्याचं मनगटी घड्याळ एकदाही उलटं फिरत नाही, म्हणून 'प्रति' आणि 'उलटा' दोन्ही बाद. याला 'कालसदृश बंद वक्र' म्हणतात. अर्थात आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ थॉर्न आणि सहकाऱ्यांनी वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याचा, मार्ग दाखवला, पण त्याचं तोंड उघडं ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा लागते, शिवाय असं कालयंत्र तयार होण्याआधीच्या काळात जाताच येत नाही. हॉकिंगचा तर १९९२चा अंदाज असा की निसर्गाचे नियम अशी यंत्रं होऊच देत नाहीत. तो अंदाजच आहे, सिद्धता नाही. म्हणजे 'अशक्य' लिहू नका, आणि 'शक्य' तर अजिबातच नको.

उलटसुलट: बंद वक्र म्हणजे फेराच की. 'कालफेरा'?

टंकनिका: फेरा म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आठवतो, सुटका नसलेला.

अवकाशवेडी: ते तर बसतंय उलट! नोव्हिकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाचं म्हणणं हेच, की मागे गेलात तरी जे घडलं तेच घडणार, तुम्हाला बदलता काही यायचं नाही. मला आवडला कालफेरा. पण तो त्या मार्गालाच वापरा, प्रवासाला नको.

भाषांतरवाला: मग प्रवासाला नामच नको. मथळा 'भूतकाळात पोचता येईल का?' आणि आत वक्राला पहिल्यांदा 'कालसदृश बंद वक्र', नंतर सगळीकडे कालफेरा.

अवकाशवेडी: चालेल. 'मागे' मात्र घड्याळापुरतंच ठेवा.