फ्रिपचा ‘एक्सपोजर’: अल्बम की सुटे तुकडे?

गॅरेजवाला: किंग क्रिमझन हा ब्रिटिश रॉक बँड १९७४ मध्ये मोडला. त्याचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याचा पहिला सोलो अल्बम आला थेट १९७९ मध्ये, ‘एक्सपोजर’. लोक त्याला डोक्यावर घेतात, मला मात्र तो अल्बम वाटतच नाही. आधी धांगडधिंगा रॉक अँड रोल, मग गायक पीटर हॅमिलचा आरडाओरडा, मध्येच जे. जी. बेनेट या फ्रिपच्या आध्यात्मिक गुरूंच्या बोलण्याचे तुकडे. एका ट्रॅकमध्ये तर न्यूयॉर्कच्या शेजाऱ्यांचं भांडण टेप करून घातलंय! आणि सोलो कसला? गाणारे सगळे दुसरेच.

रात्रपाळी: अहो गॅरेजवाले, त्या न्यायाने मदन मोहन यांच्या नावावर किती गाणी उरतील? फ्रिप एकटा ऐकायचाय ना, मग फ्रिपरट्रॉनिक्स, म्हणजे त्याची टेपवर गिटारचे थर चढवण्याची पद्धत, ऐका. दोन रेव्हॉक्स टेप रेकॉर्डर, दोन्हींतून फिरणारी एकच टेप. गिटारचा सूर पहिल्यावर रेकॉर्ड होतो, काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतो आणि परत पहिल्याकडे जातो. असे थर चढत जातात. युक्ती त्याला दाखवली संगीतकार ब्रायन ईनोने, पण तिला सवयीचं वाद्य केलं फ्रिपने.

गॅरेजवाला: युक्ती मान्य. पण त्याच पद्धतीचा अल्बममधला ‘अर्बन लँडस्केप’ हा ट्रॅक दुसऱ्यांदा लावावंसं वाटतं का, ते सांगा.

खरडवही: एक राहिलं. बरीच गाणी अमेरिकन पॉप गायक डॅरिल हॉल गाणार होता. त्याच्या मॅनेजमेंटने खोडा घातला आणि शेवटी त्याचा आवाज दोनच गाण्यांत उरला. बाकीच्या जागा हॅमिल आणि गायिका टेरी रोश यांनी भरल्या.

गॅरेजवाला: म्हणजे ठिगळंच की!

रात्रपाळी: ठिगळं असतील, पण कापडापेक्षा सरस. २००६ च्या आवृत्तीत हॉलने गायलेलं ‘डिसएंगेज’ आहे, ऐकून बघा. सुरेल आहे, पण हॅमिलसारखी भीती वाटत नाही.

खरडवही: आणि ‘हिअर कम्स द फ्लड’? गायक पीटर गेब्रियलच्या १९७७ च्या अल्बममध्ये ते नुसतं फुगवलेलं होतं. इथे पियानो, मागे फ्रिपचे लांबलेले सूर आणि गेब्रियलचा आवाज, बस. त्याआधी बेनेट समुद्राची पातळी वाढण्याबद्दल बोलतात. गाणं तिथे उगाच येत नाही.

गॅरेजवाला: ते गाणं दिलं तुम्हाला. पण मग अल्बममधलं सर्वोत्तम गाणं गेब्रियलचं ठरलं, फ्रिपचं नाही.

रात्रपाळी: ते तसं वाजवायचं कुणाला सुचलं, हेही लिहा की.