स्पोर्ट्स कॅमेऱ्यामागे पंचवीस-तीस वर्षं कशी काढायची?

नवा_ट्रायपॉड:
दोन वर्षं टीव्ही न्यूजला कॅमेरा करतोय, सहा महिन्यांपूर्वी स्पोर्ट्सला आलो. काम मनापासून आवडतं. पण चाळिशीपुढचे कॅमेरामन फार थोडे दिसतात. कुणी डेस्कवर गेलं, कुणी पाठदुखीने सोडलं. आणि मी चेंडूमागे असतो तेवढ्यात खरा क्षण दुसरीकडेच घडून जातो. ज्यांनी आयुष्य यात काढलंय त्यांनी सांगा, आत्तापासून कोणती सवय लावू?

डावा_डोळा:
मी 1996 पासून हेच करतेय. सुरुवात बीटाकॅमवर, म्हणजे टेपवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर. पहिल्याच वर्षी रिलेची फायनल शूट करताना घाईत रेकॉर्डचं बटण दोनदा दाबलं गेलं. सुरू होऊन लगेच बंद. शर्यत संपल्यावर बंद करायला दाबलं, तेव्हा रेकॉर्डिंग सुरू झालं. एडिटरने टेप लावली तर शर्यत नाहीच. माझे बूट, ट्रॅकची कड आणि माझा धापा टाकल्याचा आवाज. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून बटण दाबलं की आधी व्ह्यूफाइंडरमधली लाल खूण बघते, मग टाइमकोडचे, म्हणजे रेकॉर्डिंगची वेळ दाखवणारे आकडे पळतायत ना ते. आजही.

दुसरी सवय माझ्या नावातच आहे. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा कायम उघडा. सुरुवातीला दोन चित्रं एकमेकांत मिसळतात, डोकं दुखतं. रोज पंधरा मिनिटं सराव करा, महिन्या-दोन महिन्यांत जमतं. मग बाकावरून उठलेला बदली खेळाडू तुम्हाला आधी दिसतो, रेषेपर्यंत धावत आलेला कोच दिसतो. आणि जीवही वाचतो: झूम लांबवर असताना अंगावर येणारा खेळाडू फ्रेममध्ये नसतोच.

गोल मात्र मनातून काढून टाका. तो मुख्य प्रक्षेपणाच्या फीडमध्ये असतोच, आणि बऱ्याच स्पर्धांत हक्क नसलेल्या वाहिनीला खेळ चालू असताना शूट करूच देत नाहीत. आपल्या कॅमेऱ्याची किंमत त्याच्या आधी आणि नंतर. एका बॉक्सिंग लढतीचा निकाल लागला आणि सगळे कॅमेरे विजेतीकडे वळले. हरलेल्या मुलीचा कोच कोपऱ्यात खाली बसून तिच्या हाताची पट्टी कात्रीने कापत होता, ती त्याच्या डोक्याकडे बघत होती. पट्टी सुटेपर्यंत मी हलले नाही. कात्रीचा आवाजसुद्धा स्वच्छ आला. त्या दिवशीची बातमी त्याच शॉटने उघडली.

डेस्कवरून:
मी एडिट करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. शॉट दहा सेकंद स्थिर धरा. पॅन करायचा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा, तर आधी आणि शेवटी तीन-चार सेकंद थांबा, नाहीतर कट करायला जागाच राहत नाही. आणि फुटेजसोबत एक ओळ पाठवा: ‘कोच रडतोय’ आणि त्याचा टाइमकोड. बुलेटिनला वीस मिनिटं असताना अशी ओळ आली की त्या माणसाचं नाव मी विसरत नाही. पुढच्या दौऱ्याला कोण जाणार हे ठरतं तेव्हा तेच नाव तोंडात येतं.

नवा_ट्रायपॉड:
ताई, पाठीचं काय केलंत? आणि रात्रीच्या मॅचमध्ये माझं चित्र फडफडतं.

डावा_डोळा:
फडफड शटरमुळे, म्हणजे एकेका फ्रेमला कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्यामुळे. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, तिथे 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. उन्हात स्लो मोशनसाठी 1/500 चालेल, दिव्याखाली आधी तपासून घ्या.

पाठीबद्दल मी उशिरा जागी झाले. लेन्स-बॅटरीसकट आठ-दहा किलो, तेही कायम उजव्या खांद्यावर. अडतिसाव्या वर्षी कमरेतून वाकता येईना, तीन महिने घरी बसले. आता खेळ थांबला की कॅमेरा लगेच खाली. जिथे ट्रायपॉड चालतो तिथे खांदा नाही. उचलताना कंबर नाही, गुडघे वाकवायचे. टेप गेली, कार्ड आलं, मग चार-पाच सिम एकत्र जोडून फुटेज पाठवणारी पाठीवरची बॅग आली. ते सगळं शिकता येतं. कंबर दुसरी मिळत नाही. बाजूरेषेवर तासन्‌तास बसायचं असतं, तेव्हा पुढच्या मॅचच्या आधी गुडघ्याचं पॅड घ्या. जाड घ्या.