मिरजेत वडिलांच्या लाईट (रेडिएशन) चालू आहेत, ट्रीटमेंट नीट होतेय का हे कसं ओळखायचं?

तासगावकर_पोरगा:
वडिलांना तोंडाचा कॅन्सर, तंबाखू. ३३ लाईट सांगितल्यात, १२ झाल्या, रोज एसटीनं मिरजेला जाऊन येऊन. मागच्या आठवड्यात मशीन दोन दिवस बंद होतं, विचारलं तर काय फरक पडत नाही म्हणाले. पाहुण्यांचं एकच, मुंबईला न्या, तिथं मोठी मशीन. आपल्याला त्यातलं काय कळतंय, मग चांगलं सेंटर कुठलं हे बघायचं कशावरून?

फिजिक्सवाला_सातारा:
दादा, मी दुसऱ्या सेंटरला फिजिसिस्ट आहे. मशीन मोठी का छोटी हे सोडा. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही मशीनचा डोस मोजतो, ३ टक्क्यांच्या पुढं फरक दिसला की कारण सापडेपर्यंत पेशंट घेत नाही, आणि एईआरबीच्या (रेडिएशनच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) लायसन्सशिवाय मशीन चालवताच येत नाही. तुम्ही धरून बसायचं ते खाड्यांना. तोंडा-घशाच्या कॅन्सरला ट्रीटमेंट लांबली की एकेका दिवसामागं आजार आटोक्यात राहायची शक्यता साधारण १ टक्क्यानं घटते, त्यामुळं फरक पडत नाही हे मला पटत नाही. हे दोन दिवस कसे भरून काढणार एवढंच विचारा. शनिवारी बोलवतात, नाहीतर एका दिवशी दोनदा देतात, मधे निदान ६ तास सोडून. आत्ता मुंबईला हलवलं तर सीटी, मास्क (डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो), प्लॅनिंग सगळं पहिल्यापासून, म्हणजे अजून खाडे.

कराडची_सून:
आमच्या आत्यांचा मास्क विसाव्या लाईटच्या आसपास इतका सैल झाला की गालाशी बोट सहज आत जायचं. खाणं बंद, वजन उतरलेलं. टेक्निशियन पोरीच्या लक्षात आलं म्हणून बरं, तिनं लाईट थांबवून डॉक्टरांना बोलवलं, नवीन मास्क, परत सीटी. माझ्या लेखी ते सेंटर चांगलं. दर आठवड्याला वजन करतात का बघा, आणि टेबलावर झोपवल्यावर लाईटच्या आधी फोटो काढून जागा जुळवतात का तेपण विचारा.

तासगावकर_पोरगा:
आज विचारलं. पहिल्यांदा जरा चिडले, मग फाईल काढली, आता दोन शनिवार बोलवलंय. वजन मीच करायला लावलं, साडेतीन किलो कमी! मास्क उद्या बघतो म्हणालेत. ताई, आत्यांना तेव्हा खायला काय देत होता? आमच्याकडं पेजसुद्धा झोंबते म्हणतायत.

कराडची_सून:
गार ताक बिनमिठाचं, नाचणीची आंबील गाळून. नाहीच गेलं तर नाकातून नळी घालतात, आत्यांनी आठ दिवस नको नको केलं आणि मग म्हणाल्या आधीच का नाही घातली.