मदत हवी आहे: व्हॉल्व्ह रेडिओचं सर्किट सेट बघून कागदावर उतरवतोय, दोन ठिकाणी अडलंय

डायलदोरी:
जुन्या बाजारातला पाच व्हॉल्व्हचा सेट आहे: ईसीएच 81 (मिक्सर-ऑसिलेटर), ईएफ 89, ईबीसी 81, ईएल 84 (आउटपुट), ईझेड 80 (रेक्टिफायर). मागचा पुठ्ठा गायब, त्यामुळे ना मॉडेल नंबर ना सर्किटचा कागद. पॉवर सप्लाय आणि आउटपुट कागदावर काढून झालं. अडलंय ते असं:

1) ईएल 84 भयंकर तापतो. पिन 3 (कॅथोड) वर 9.5 व्होल्ट, तिथला रेझिस्टन्स 150 ओहम. पिन 7 (प्लेट) आणि 9 (स्क्रीन) वर 250 च्या आसपास. मूळ रेझिस्टन्स वेगळा असेल का?

2) ऑसिलेटर कॉइलच्या चार तारा कुणीतरी कापल्यात. शिवाय ईसीएच 81 चे पिन 7 आणि 9 शॉर्ट केलेत. स्टेशन एकही नाही.

खरखर:
150 बरोबर आहे, हात लावू नका. 9.5 भागिले 150 म्हणजे 63 मिलिअँपिअर. त्यातला स्क्रीनचा वाटा वगळला तरी प्लेटवर साडेतेरा वॅट होतात, मर्यादा 12 ची. पिन 3 वर साडेसात व्होल्ट हवेत. पिन 2 (ग्रिड) वर किती?

डायलदोरी:
अधिक 3. ग्रिडचा 470 के (किलोओहम) रेझिस्टन्स मोजला, ठीक आहे. ईबीसीच्या प्लेटवर 85. ती प्लेट आणि हा ग्रिड यांच्या मधला कंडेन्सर मीटरवर ओपन दाखवतो, म्हणजे लीक नाही.

खरखर:
लीक आहे. 3 व्होल्ट भागिले 470 के, साडेसहा मायक्रोअँपिअर गळतायत. म्हणजे कंडेन्सर 13 मेगाओहमचा झालाय, तोही 82 व्होल्टच्या दाबाखाली. मीटर ओहमवर लावतो जेमतेम एक-दोन व्होल्ट; तेवढ्यावर जुना कागदी कंडेन्सर साळसूद वागतो. सेट बंद करून फिल्टर (पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर) डिस्चार्ज करा, मग त्या मधल्या कंडेन्सरचं एक टोक सोडवून, सेट चालू करून पिन 2 पुन्हा मोजा. पिन 2 शून्यावर आला तर कंडेन्सर चोर. नाही आला तर व्हॉल्व्हच गॅसी (आत वायू झालेला). जागी 0.01 मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा पॉलिस्टर घाला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. फिल्टर बदललात तर ईझेड 80 लगतचा 50 मायक्रोफॅरडच्या वर नको.

तुटकी तार:
ईसीएच 81 च्या 7 आणि 9 चा तो शॉर्ट नव्हे! ट्रायोडचा ग्रिड आणि मिक्सरचा तिसरा ग्रिड मुद्दाम जोडतात. कागदावर तसंच काढा.

चार तारा म्हणजे दोन वळणं. मीटर ओहमवर ठेवून जोड्या लावा. मीडिअम वेव्हला जास्त ओहमचं वळण बहुधा गँगकडचं (गँग म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), कमी ओहमचं फीडबॅकचं. बँड ओळखायला पॅडर (ऑसिलेटर कॉइलच्या मालिकेतला कंडेन्सर) पाहा: मीडिअमचा 500 पीएफच्या आसपास, शॉर्टला एकतर नसतोच किंवा हजारांत.

फीडबॅकची टोकं कुठली कुठे, हे डोळ्यांनी कळणार नाही. कशीही जोडा आणि ईसीएच 81 चा पिन 9 मोजा. प्रोबच्या टोकाशी 1 मेगाओहम लावा, नाहीतर मीटरची वायरच ऑसिलेटर बंद पाडते. उणे 8-9 व्होल्ट आले की चालू. शून्य आलं तर फक्त फीडबॅकची टोकं उलटी करा.

डायलदोरी:
पिन 2 शून्य, कॅथोड 7.6. ऑसिलेटर पहिल्यांदा शून्य होता, टोकं उलटल्यावर उणे 8. तरी आकाशवाणी पुणे डायलवर 792 (किलोहर्ट्झ) ला न येता 700 च्या जवळ येतं.

तुटकी तार:
सुई दोरीवर घसरली नाही ना, ते आधी बघा: गँग पूर्ण मिटल्यावर ती डाव्या टोकाच्या खुणेवर हवी. तिथे ठीक असेल तर सुई 792 वर ठेवून शेजारी ट्रान्झिस्टर 1247 च्या आसपास फिरवा (792 अधिक आयएफ, म्हणजे सेटची आतली मधली फ्रिक्वेन्सी, 455). जिथे त्याची खरखर एकदम बसेल, तिथे तुमचा ऑसिलेटर. 1247 च्या वर सापडला तर डायलच्या खालच्या (कमी आकड्यांच्या) टोकाला ऑसिलेटर कॉइलचा गाभा थोडा आत, वरच्या टोकाला ट्रिमर (जुळवणीचा छोटा कंडेन्सर). आलटून पालटून तीन-चार फेऱ्या लागतील. आयएफटीच्या (आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या) स्लगना, म्हणजे गाभ्यांना, तोवर हात नको.