जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची कोणती आवृत्ती घ्यावी आणि थंडरबर्डमधील जुनी पत्रे कशी न्यावीत? (सल्ला हवा)

हिशेबनीस (लोकमान्यनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. मी निवृत्त आहे आणि आमच्या वसाहतीतील एका लहानशा मराठी मंडळाचा पत्रव्यवहार व जमाखर्च गेली १७-१८ वर्षे माझ्याकडे आहे. वर्गणीच्या पावत्या, गणेशोत्सवाची निमंत्रणे, स्मरणिकेसाठी बाहेरगावच्या मंडळींकडून येणारे लेख असे सगळे ईमेलनेच चालते आणि ते मी २००८ पासून थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये साठवत आलो आहे.

माझा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी मेमरी आणि ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. त्यावरील विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या यंत्रावर बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. आर.एन.टी. मार्गावरील एका दुकानात दाखवला, तर 'नवीन घ्या' एवढाच सल्ला मिळाला. मंडळाच्या पैशाने ते करणे मला पटत नाही आणि स्वतःच्या पैशाने करण्याची निकड वाटत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत व्यवस्था बसवण्याचा विचार करत आहे.

लिनक्सच्या प्रकारांपैकी मिंट चांगले, असे दोघातिघांनी सांगितले. पण त्यातही सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या दिसतात, शिवाय डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली चौथी निराळीच. यांतील कोणती घ्यावी?

दुसरा प्रश्न पत्रांचा. एक खाते जीमेलचे आहे, त्याची १५ जीबी जागा भरत आली आहे. दुसरे मंडळाच्या संकेतस्थळाच्या नावाचे आहे. तिथे सर्व्हरवर जेमतेम १ जीबी जागा असल्यामुळे पत्रे पॉप पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवर न साठवता लॅपटॉपवर उतरवून घेतो. जुनी पत्रे थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच, वर्षवार लावलेली आहेत, ती सुमारे ९ जीबी आहेत. एकही पत्र न हरवता हे सारे लिनक्सवर नेता येईल का?

तारायंत्र

काका, सरळ उबंटू हे दुसरे लिनक्स टाका आणि पत्रे ब्राउझरमध्येच वाचा. आजकाल ईमेलसाठी वेगळा प्रोग्राम कोण ठेवतो?

खडूफळा (सुदामानगर)

वरील सल्ला दोन्ही बाबतींत या गृहस्थांच्या उपयोगाचा नाही, असे मला नम्रपणे वाटते. ज्यांची जीमेलची जागा भरत आली आहे आणि ज्यांच्या दुसऱ्या खात्याला १ जीबीच जागा आहे, त्यांनी ९ जीबी पत्रे ब्राउझरमध्ये वाचायची कुठून? ती सर्व्हरवर नाहीतच.

आवृत्तीविषयी सांगतो. मिंटच्या तिन्ही आवृत्त्यांच्या पोटात एकच व्यवस्था आहे; सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. फरक आहे तो समोर दिसणाऱ्या मांडणीचा, म्हणजे मेनू, पट्टी आणि फाइलींच्या खिडक्या यांचा. सिनॅमन ही मिंटच्या लोकांनी स्वतः घडवलेली मांडणी, दिसायला सर्वांत नेटकी. माटे ही जुन्या ग्नोम २ ची वारसदार. आणि एक्सएफसीई तिघींत सर्वांत हलकी. थंडरबर्ड, ब्राउझर, लिबरऑफिस तिन्हींत तेच, त्यामुळे आज एक घेतली आणि उद्या नको वाटली तरी पत्रांना धक्का लागत नाही.

मिंटने स्वतः सांगितलेली किमान गरज २ जीबी मेमरीची असून ४ जीबी असावी अशी शिफारस आहे. म्हणजे कागदावर तुमच्या लॅपटॉपवर तिन्ही चालतील. पण ब्राउझरमध्ये सहा-सात पाने उघडी ठेवून शेजारी ९ जीबी पत्रांचे थंडरबर्ड चालवायचे असेल, तर आहे त्या यंत्रावर मी एक्सएफसीईच घेईन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा आणि जमल्यास मेमरी ८ जीबी करा. तेवढे केल्यावर सिनॅमन घ्यायलाही हरकत नाही. या दोन बदलांनी जो फरक पडतो, तो कोणत्याही आवृत्तीने पडत नाही. लोक मात्र आवृत्तीवरच वाद घालत बसतात.

झुबंटू, लुबंटू अशा उबंटूच्या हलक्या भावंडांबद्दलही कोणी सुचवेल. ती वाईट नाहीत, परंतु २४.०४ मधील त्या भावंडांना तीनच वर्षांचा आधार आहे, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा हीच उठाठेव. शिवाय उबंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप या बंदिस्त स्वरूपात येते आणि त्याचा प्रोफाइल फोल्डर (खाती, पत्रे, पत्ते ज्यात असतात तो) नेहमीच्या जागी सापडत नाही. जुनी पत्रे हलवणाऱ्याला हा नसता ताप. मिंट २०२० पासून स्नॅप मुळातच बंद ठेवते आणि थंडरबर्ड साध्या पॅकेजच्या रूपात आधीच बसवून देते.

राहिली डेबियनवरची मिंट, म्हणजे एलएमडीई. उबंटू उद्या नाहीसे झाले तर मिंटचे काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. चांगली आहे, पण फक्त सिनॅमनसह मिळते. म्हणून ४ जीबीच्या यंत्रासाठी मी ती सुचवणार नाही.

काहीही बसवण्यापूर्वी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतेच चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर सुरू होतात का, एवढे तपासायला अर्धा तास पुरतो आणि विंडोजला हात लागत नाही.

पोस्टमन

खडूफळा यांच्याशी सहमत. मी पत्रांपुरते लिहितो, कारण खरी जोखीम तिथे आहे.

सर्वांत आधी एक बाहेरची डिस्क घ्या आणि लॅपटॉपवरील सी व डी या दोन्ही ड्राइव्हवरील आपले सगळे काही तिच्यावर उतरवा. ती डिस्क एफएटी३२ स्वरूपाची नसावी. त्या स्वरूपात ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, आणि थंडरबर्ड एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये एकामागून एक लिहून ठेवत असल्यामुळे जुन्या वापरकर्त्यांच्या इनबॉक्सची फाइल ४ जीबी सहज ओलांडते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल, मिंट दोन्ही वाचते. नक्कल करण्यापूर्वी प्रत्येक फोल्डरवर उजवी टिचकी देऊन 'कॉम्पॅक्ट' करा, कारण काढून टाकलेली पत्रेही तोवर त्या फाइलमध्ये पडून असतात. माझ्या एका स्नेह्यांची ७ जीबीची फाइल एवढ्यानेच निम्म्याखाली आली होती.

मग 'हेल्प'मधील 'अबाउट' उघडून थंडरबर्डचा आवृत्ती क्रमांक टिपून ठेवा. विंडोजवरील क्रमांक मिंटमधील क्रमांकापेक्षा जुना किंवा तेवढाच असेल, तर ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड येथील संपूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलून मिंटमध्ये तुमच्या होम फोल्डरातील डॉट-थंडरबर्ड या लपलेल्या फोल्डरात नेता येतो (कंट्रोल आणि एच दाबल्यावर तो दिसतो) आणि प्रोफाइल मॅनेजरमधून तो निवडता येतो. पत्ते, फिल्टर, सह्या सगळे त्याबरोबर येते. मिंटमधील क्रमांक जुना निघाला, तर थंडरबर्ड तो प्रोफाइल उघडायला नकार देईल. तशा वेळी खाती नव्याने जोडून फक्त पत्रांच्या फाइली आणि पत्त्यांची वही न्यावी. थंडरबर्डमध्ये 'एक्स्पोर्ट' नावाची सोयही आहे, पण ती २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलसाठी आहे. तुमच्या कामाची नाही.

जीमेल आयमॅपने (पत्रे सर्व्हरवरही राहतात त्या पद्धतीने) जोडा. नाव आणि पत्ता दिला की थंडरबर्ड बाकीचे स्वतः भरते. भरले नाही तर येणाऱ्या पत्रांसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, आणि जाणाऱ्यांसाठी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५, दोन्हीकडे एसएसएल/टीएलएस आणि ओळख पटवण्याची पद्धत ओऑथ२. पासवर्डाच्या चौकटीत जीमेलचा नेहमीचा पासवर्ड घालून काही होणार नाही. ओऑथ२ निवडल्यावर गूगलची खिडकी उघडते, तिथेच प्रवेश करायचा. जोडल्यावर 'ऑल मेल' हा फोल्डर उतरवून घेण्याच्या यादीतून वगळा, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा उतरेल.

मंडळाचे खाते, जागा १ जीबीच असल्यामुळे, पॉपवरच राहू द्या, पोर्ट ९९५. मात्र 'सर्व्हरवर पत्रे ठेवा' ही खूण १४ दिवसांसाठी चालू असावी. लॅपटॉप मध्येच रुसला तर दोन आठवड्यांची पत्रे तरी दुसरीकडून वाचता येतात.

जीमेलची जागा मोकळी करताना मात्र जपून. थंडरबर्डमध्ये जीमेलच्या इनबॉक्समधून पत्र ओढून लोकल फोल्डर्समध्ये टाकले की ते तिकडून गेले, असे वाटते. प्रत्यक्षात जीमेल ते 'ऑल मेल'मध्ये ठेवून घेते आणि एक बाइटही मोकळी होत नाही. म्हणून आधी जुन्या पत्रांची नक्कल लोकल फोल्डर्समध्ये करा, दोन-चार वर्षांची पत्रे उघडून जोडपत्रांसकट तपासा, आणि मग ब्राउझरमध्ये जीमेल उघडून शोधपट्टीत बिफोर हा इंग्रजी शब्द, कोलन आणि तारीख घालून त्या तारखेपूर्वीची पत्रे एकदम काढा. ती कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि पेटी रिकामी होईपर्यंत जागाही मोकळी होत नाही. त्यानंतर तुमच्या डिस्कवरची प्रत ही एकमेव प्रत असेल, म्हणून तिचीही नक्कल हवी. मिंटमधील टाइमशिफ्ट या कामाचे नाही. ते व्यवस्थेची प्रत ठेवते, तुमच्या कागदपत्रांची नव्हे.

हिशेबनीस

खडूफळा आणि पोस्टमन, आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एसएसडी बसवून घेतली, मेमरी तूर्त तेवढीच ठेवली आहे, म्हणून एक्सएफसीई निवडली. जीमेल पहिल्या प्रयत्नात जोडले गेले. आवृत्ती क्रमांकही जुळला, म्हणून संपूर्ण प्रोफाइल आणला. पत्त्यांची वही आली, फिल्टर आले.

परंतु लोकल फोल्डर्स रिकामे दिसत आहेत. एकही वर्ष नाही. काल रात्रभर झोप लागली नाही. आता आठवते, ते असे की भाच्याने पूर्वी पत्रांचा साठा डी ड्राइव्हवर हलवला होता, विंडोज बिघडले तरी पत्रे वाचावीत म्हणून. हे मी आधी लिहायला हवे होते.

पोस्टमन

काका, सी आणि डी दोन्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवले असतील, तर पत्रे सुरक्षित आहेत, निश्चिंत असा. तुमचा प्रोफाइल अजूनही पत्रे डी ड्राइव्हवर शोधत आहे आणि लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही.

थंडरबर्ड पूर्ण बंद करा. बाहेरच्या डिस्कवर डीच्या नकलेत तो फोल्डर शोधा. त्यात वर्षांच्या नावांच्या, पुढे काहीही प्रत्यय नसलेल्या मोठ्या फाइली, त्याच नावांच्या एमएसएफ प्रत्ययाच्या लहान फाइली आणि कदाचित एसबीडी प्रत्ययाचे फोल्डर असतील. एमएसएफ फाइली म्हणजे केवळ अनुक्रमणिका, त्या सोडून द्या. बाकीचे सगळे नव्या प्रोफाइलमधील 'मेल' आणि त्यातील 'लोकल फोल्डर्स' या फोल्डरात ठेवा. नंतर थंडरबर्ड उघडून खात्यांच्या सेटिंगमध्ये लोकल फोल्डर्सवर जा, 'लोकल डिरेक्टरी'पुढे हाच फोल्डर निवडा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. मोठ्या फोल्डरवर पहिल्यांदा टिचकी दिली की अनुक्रमणिका नव्याने तयार होते, तेवढा वेळ स्वस्थ बसा. मध्येच बंद करू नका.

खडूफळा (सुदामानगर)

एक पुरवणी. स्मरणिकेचे जुने लेख शिवाजी टंकात असतील आणि इकडच्या कचेऱ्यांतून आलेली हिंदी पत्रे कृतिदेवमध्ये, तर ती मिंटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून दिसतील. हे टंक युनिकोड नसल्यामुळे तसे होते, फाइल बिघडलेली नसते. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातील त्या टंकांच्या फाइली होममधील डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स या मार्गावर ठेवा. 'फॉन्ट्स' नसेल तर तयार करा. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करा; कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच.

हिशेबनीस

सगळी वर्षे दिसू लागली. २०१४ च्या फोल्डरला वीस-पंचवीस मिनिटे लागली, पण विंडोजवरील प्रत्येक फोल्डरची पत्रसंख्या मी आधी वहीत लिहून ठेवली होती, ती तंतोतंत जुळली. शिवाजी टंक ठेवल्यावर २०११ च्या स्मरणिकेतील लेखही वाचता आले. जीमेलमधून अजून काहीही काढलेले नाही. बाहेरच्या डिस्कची दुसरी नक्कल भाच्याकडे ठेवून आलो की मगच ते काम हाती घेईन.