राबाई (केनिया) गावातलं चर्च आणि आपलं नाशिक, कुणाला माहितीये का?

मोंबासावासी:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त मोंबासाला असतो. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर टेकड्यांमध्ये राबाई गाव आहे, ऑफिसमधल्या एका मित्राचं. त्याच्याबरोबर रविवारी तिथल्या अँग्लिकन चर्चला गेलो. मी ख्रिश्चन नाही, पूर्ण उपासना पहिल्यांदाच बसून ऐकली. सगळं स्वाहिलीत. क्वायर गाताना ढोल आणि कायांबा (बोरूच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की खुळखुळते), आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा उभ्या राहून डोलत होत्या. अर्पणात पैशांबरोबर नारळ, अंडी, एक जिवंत कोंबडी, आणि शेवटी अंगणात त्या सगळ्याचा लिलाव! मीही नारळ घेतले. मग एका आजोबांना मी महाराष्ट्रातला म्हटलं तर ते लगेच म्हणाले, आमचे जुने मास्तर नाशिकहून आलेले. हे खरंय का? मला तर सगळ्यांनी जर्मन मिशनऱ्यांचीच नावं सांगितली होती, मग हे नाशिकवाले कोण?

शरणपूर_रोड:
दादा, शंभर टक्के खरं आहे आणि नाशिकमध्येच हे कुणाला माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं आणि त्यातली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचं. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूरला वसाहत केली, तिथे या मुलांना इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंगस्टन १८७३ ला वारला तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत ज्यांनी चालत नेलं त्यात ही नाशिकची मुलं होती, त्यातला जेकब वेनराइट तर थेट लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाला हजर होता.
आता राबाई. जर्मन क्राफ १८४४ ला मोंबासाला आला, काही महिन्यांतच बायको आणि तान्ही मुलगी गेली. १८४६ ला रेबमान आला आणि दोघांनी राबाईत बस्तान बसवलं. रेबमान १८७५ पर्यंत राहिला, जवळजवळ आंधळा होऊन परतला, आणि एवढ्या वर्षांत ख्रिस्ती झालेले लोक अगदी मोजके. गावात खरी मंडळी (म्हणजे ख्रिस्ती समाज) उभी केली ती विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड या नाशिकला शिकून परतलेल्या आफ्रिकन लोकांनी. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन'च म्हणायचे. जर्मनांना श्रेय द्या, पण यांची नावं आधी घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ:
ताई माहिती छान, पण दुसरी बाजू पण सांगा ना. राबाईच्या लोकांचा स्वतःचा धर्म होता, त्यांची 'काया' म्हणजे पवित्र जंगलं, आपल्या देवराया असतात तशीच, तिथे पूर्वजांची पूजा. युनेस्कोने २००८ ला मिजिकेंडा लोकांच्या (राबाईसह किनाऱ्याजवळच्या नऊ जमाती) काया जागतिक वारशात घेतल्या, त्यात राबाईच्याही आहेत. मिशनऱ्यांनी हे सगळं अंधार म्हणून मोडीत काढलं, ढोल आणि नाच पापात जमा केले, आणि आज त्याच ढोलावर उपासना चालते. याचा हिशोब कोण देणार?

शरणपूर_रोड:
हिशोब द्यायलाच पाहिजे, यात वादच नाही. आणि ज्यांनी राबत मंडळी उभी केली त्या जोन्ससारख्यांना पगार आणि मान दोन्ही गोऱ्यांपेक्षा कमी, हेही मांडा त्यात. पण राबाईत त्या वेळी चर्चला कोण येत होतं ते बघा. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मालकांच्या शेतांवरून पळालेले गुलाम. मालक माणसं परत मागायचे, हल्ल्याच्या धमक्या द्यायचे, आणि जोन्स स्वतः गुलामीतून सुटलेला असल्यामुळे त्याने त्यांना थारा दिला. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ ला राबाई आणि आसपासच्या मिशनांतल्या मिळून १४०० हून जास्त लोकांना मुक्तीचे कागद मिळाले. त्या माणसांना कोणत्या जंगलात, कोणत्या पूर्वजांकडे जायचं होतं? त्यांना कुटुंबापासून तोडून शेकडो मैल लांबून आणलं होतं. चर्च हेच त्यांचं गाव झालं.
आणि ढोलाचं म्हणाल तर आमच्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तबला-पेटीवर म्हणतात, माझी आजी डोळे मिटून म्हणायची. आपल्या सुरात देवाला हाक मारायला आपल्याला पण वेळ लागला आणि त्यांना पण, पण मारली दोघांनी.

गोदाकाठ:
पळालेल्या गुलामांचा मुद्दा पटला. कायांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

मोंबासावासी:
दोघांचे खूप आभार. पुढच्या वेळी काया पण बघायला जाणार, मित्र म्हणतो गावातल्या जाणत्यांची परवानगी घ्यावी लागते. आणि ताई, शरणपूरच्या कबरस्तानात त्या आफ्रिकन मुलांपैकी कुणाची कबर असली तर फोटो टाकाल का? आजोबांना दाखवायचाय.